गुरुवारपुरतं ‘अगं’

सासूबाईंनी आयुष्यातलं पहिलं चित्र काढलं ते वयाच्या ७९व्या वर्षी, मेंदूच्या डॉक्टरांच्या टेबलावर. चित्र घड्याळाचं होतं. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढून दिला आणि म्हणाले, “आजी, यात घड्याळाचे आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.” आईंनी चष्मा सारखा केला, पदर खांद्यावरून घेतला आणि बाराच्या जागी बारा लिहिला. मग एक, दोन, तीन, चार असे एकाखाली एक, भरलेल्या बसच्या दारात माणसं उभी असतात तसे खेटून. उजवी बाजू संपली तरी डावीकडे त्या वळल्याच नाहीत. नऊ, दहा, अकरा गोलाच्या बाहेर पडले. काटे काढले ते एक दहाकडे आणि एक अकराकडे, म्हणजे दोन्ही घड्याळ सोडून बाहेर.

त्याआधी पाचच मिनिटं त्यांनी डॉक्टरांना गार केलं होतं. शंभरातून सात वजा करत जा, असं सांगितल्यावर ९३, ८६, ७९, ७२, ६५. इथे थांबवतात, पाचच उत्तरं हवी असतात. आई थांबल्या नाहीत. पार खालपर्यंत उतरल्या आणि “बाकी दोन” म्हणून डॉक्टरांकडे असं बघितलं, की आता तुम्ही सांगा. मुलींच्या शाळेत ३४ वर्षं गणित शिकवलेलं. त्यानंतर महिना कोणता, या प्रश्नाला म्हणाल्या, “परीक्षा तोंडावर आल्यात, म्हणजे मार्च.” बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता आणि आमच्या दोघींच्या छत्र्या कोपऱ्यात निथळत होत्या.

घड्याळाचं चित्र वेगळं; बाकीची ही जी प्रश्नपत्रिका आहे, ती १९७५पासून जगभर वापरतात. एकूण गुण ३०. शेवटी एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन दाखवतात आणि तसेच काढायला सांगतात. भूमितीच्या बाईंनी एक चौकोन काढला आणि त्याला चिकटून एक काहीतरी. ३०पैकी १७. म्हणजे अल्झायमर, आठवणी पुसत नेणारा मेंदूचा आजार. घरी येताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, “पेपर सोपा होता.”

त्या दिवसापासून आमच्या घराचं परीक्षा केंद्र झालं. येणारा प्रत्येक पाहुणा चप्पल काढता काढता पहिला प्रश्न टाकायचा, “काय काकू, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?” ही आपल्याकडची एक भयंकर लाडकी सवय आहे. धडधाकट माणसालासुद्धा लग्नाच्या मांडवात ती घाम फोडते. माझा नवरा तर रोज ऑफिसातून आला की त्यांच्यासमोर बसायचा, “आई, मी कोण?” त्याला उत्तर नको असायचं, दिलासा हवा असायचा. एक दिवस त्या जरा विचार करून, अगदी आदबीनं म्हणाल्या, “तुम्ही ना? तुम्ही आपलेच.” तो उठून गॅलरीत गेला. तेव्हापासून त्यानं विचारणं बंद केलं, पण समोर बसणंही कमी केलं.

मीही त्यातलीच. गोळी कुठली घेतली, सकाळी काय खाल्लं, आज वार कोणता. नकळत विचारायचे. कधीकधी कळून विचारायचे. कारण खरं सांगायचं तर एकोणतीस वर्षं त्यांनी माझे पेपर तपासले होते. मी बँकेत नोकरी करत होते, दिवसभर लोकांचे लाखांचे हिशेब जुळवत होते, आणि घरी माझ्या दूध-भाजीच्या वहीवर त्यांच्या लाल पेनाच्या खुणा असायच्या. बरोबर, बरोबर, चूक. कोथिंबीर दहाची की पंधराची यावर आमच्यात एकदा चार दिवस अबोला होता. आणि त्याही आधी, लग्नाच्या दिवशीच, नावावरून झालं होतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, ते त्यांनीच काढलेलं. मी बँकेत, पासपोर्टवर, सगळीकडे जुनंच ठेवलं. “आम्ही नाही का बदललं?” एवढं एकच वाक्य त्या तेव्हा बोलल्या होत्या, पण ते वर्षभर पुरलं.

तर अशा बाईंची वेणी घालायची, दात घासून द्यायचे, आणि त्यांनी मला “तू नवीन लागलीस का कामाला?” विचारलं की हो म्हणायचं. याचं पाठ्यपुस्तक नसतं.

डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं एकमेकांना जे सांगतात, ते आत मिळत नाही. तिथेच एका गृहस्थांनी सांगितलं की दर गुरुवारी अकरा वाजता एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चित्रांचा वर्ग असतो. वर्ग म्हणजे वर्ग नाही. ज्यांना विसर पडतो ती माणसं आणि त्यांना सांभाळणारी माणसं, अशा जोड्यांनीच यायचं, आणि दोघांनीही चित्र काढायचं. सोडून जायचं नाही.

मी फार आशेनं गेले असं नाही. आधी एका दिवसभराच्या केंद्रात आईंना आठवडाभर पाठवून बघितलं होतं. तिथे त्यांच्यापुढे रंगवायचं पुस्तक ठेवलं होतं, लहान मुलांचं, आत फुगे धरलेला हत्ती. ताई टाळ्या वाजवून म्हणायच्या, “अरे वा, आजींनी किती छान रंगवलं!” आई त्या ताईंकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती मला पाठ होती. माझ्या वहीवर त्या नजरेनंतर लाल फुली यायची. आठवणी गेल्या म्हणून मान जात नाही. मी सहाव्या दिवशी त्यांना घरी आणलं.

वाचनालयाच्या हॉलमध्ये हत्ती नव्हता. निवृत्त चित्रकला शिक्षक असलेले एक सर होते आणि त्यांच्या मदतीला ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारी माणसाला रोजची कामं जमावीत म्हणूनचे उपचार, शिकलेली एक तरुण मुलगी. सात जोड्या. सरांनी आम्हा सांभाळणाऱ्यांना जिन्यातच बाजूला घेतलं. “दोन वाक्यं इथे चपलांबरोबर खाली ठेवायची. एक, आठवतंय का? दुसरं, हे काय काढलंय?” मी मनात म्हटलं, मग बोलायचं काय? माझ्याकडे दुसरी वाक्यं फारशी उरलीच नव्हती.

त्या हॉलमधल्या व्यवस्थेबद्दल मी पानंच्या पानं लिहू शकेन, कारण सहा महिन्यांनी मला कळलं की तिथे एकही गोष्ट उगाच नव्हती. टेबलावर गडद रंगाची चादर, कारण या आजारात उजेड-अंधारातला, एकासारख्या रंगांतला फरक डोळ्यांना दिसतो पण मेंदूला पटकन उमगत नाही. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद ठेवला तर कागद सापडतच नाही. (घरी येऊन मी आईंचं पांढरं ताट बदललं आणि त्या भात संपवायला लागल्या. आठ महिने मी समजत होते की भूक गेली.) ब्रशच्या दांड्याला फोमचा तुकडा गुंडाळलेला, म्हणजे मूठ धरायला जाड लागते. रंग एका वेळी तीनच, कारण बारा रंगांची पेटी पुढे ठेवली की निवडताना माणूस घाबरतो आणि हात मागे घेतो. ब्रश धुवायचं पाणी स्टीलच्या पेल्यात कधीही ठेवायचं नाही, पसरट कुंडीत ठेवायचं. हा नियम एका आजोबांनी निळं पाणी पिऊन टाकल्यावर झाला. रंग विषारी नव्हते. आजोबा म्हणाले, साखर कमी आहे.

पहिल्या गुरुवारी भाजीचे ठसे होते. भेंडी आडवी चिरून फुलं, कारल्याची चक्रं, अर्धा बटाटा कोरून पान. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या आजी भडकल्या. “भेंडी काय भावानं आहे माहितीय का? भाजी वाया घालवता?” त्यांना काही केल्या पटेना. शेवटी सरांनी त्यांच्या पदरात पाव किलो भेंडी घातली आणि त्यांनी ती तासभर पुसून, देठ काढून, एकसारखी चिरून ठेवली. सर ती ताटली बघून म्हणाले, आज सगळ्यात देखणं काम यांचं. मला तेव्हा ती बोलायची रीत वाटली. आता वाटत नाही. इतके एकसारखे तुकडे मला जमत नाहीत.

आईंनी त्या दिवशी काहीच केलं नाही. हाताची घडी घालून बसून राहिल्या, पर्यवेक्षक बसतात तशा.

दुसऱ्या खेपेला मी माझी हुशारी केली. मला वाटलं रांगोळी नेऊ. हात विसरत नाहीत असं सगळीकडे वाचलं होतं. ते खोटंही नाही. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो, नव्या आठवणी तिथे नोंदल्या जातात आणि अल्झायमरमध्ये पडझड साधारण त्याच बाजूनं सुरू होते. हातांच्या सवयी वेगळ्या वाटेनं साठवलेल्या असतात, म्हणून जिला सकाळचा चहा आठवत नाही ती बाई वेणी मात्र बरोबर तीन पेडांची घालते. आई चैत्रात देवघरापुढे चैत्रांगण काढायच्या. गोपद्मं, शंख, कासव, नाग, करंडा, फणी, गौरीचा पाळणा, सूर्य-चंद्र, हे सगळं ठिपका न चुकता. मी डोळ्यांसमोर चित्र रंगवलं होतं: आई चिमूट उचलतील, पांढरी रेघ झरझर सुटेल, हॉलमधले सगळे उभे राहून बघतील, माझ्या डोळ्यांत पाणी येईल.

आईंनी चिमूट उचलली, निरखली आणि जिभेवर ठेवली. मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, “मीठ खवट आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुसऱ्या जातीचं. ठरलेला चमत्कार झाला नाही की माणसाला अपमान झाल्यासारखं होतं. सरांनी ते बघितलं असावं. म्हणाले, “तुम्ही त्यांचं जुनं पान उघडायला गेलात. त्यांना कोरं देऊन बघा.”

आता जरा रुक्ष भाग. आठवण आणि समज ओसरत जाण्याला डिमेन्शिया म्हणतात, अल्झायमर हा त्यातलाच एक. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शिया असलेली माणसं साधारण ८८ लाख, दर शंभरात सातांहून थोडी जास्त, असा अंदाज २०२३ साली देशभरच्या पाहणीवरून मांडला गेला. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण अधिक निघालं. एवढ्या माणसांना सांभाळणारी माणसं किती, याचा हिशेब प्रत्येकानं आपल्या ओळखीतली घरं मोजून करावा. बरं, चित्रं काढून हा आजार थांबतो का? नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे काढणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१८ साली कला-उपचार आणि डिमेन्शिया यांवर काय पुरावा आहे ते तपासलं, तर कसोटीला उतरणारे अभ्यास निघाले फक्त दोन, त्यांतली माणसं मिळून ६०. त्यावरून छातीठोकपणे काही सांगता येणार नाही, असंच त्यांनी लिहिलं. माझ्या भावानं हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि विचारलं, मग दर गुरुवारी रिक्षाचे पैसे कशाला? तो आईंना वर्षातून एकदा भेटतो, तेही ओळखलंत का विचारायला. मी त्याला उत्तर दिलं नाही. हळदीकुंकवाला जाताना कुणी पुरावा मागत नाही.

सरांना मात्र या विषयात बाहेर काय चाललंय ते ठाऊक होतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २००६पासून अशा जोड्यांना संग्रहालयात बोलावून, मोजक्याच चित्रांपुढे खुर्च्या टाकून गप्पा मारायला सुरुवात केली, हे त्यांनीच सांगितलं. आणि अ‍ॅन बास्टिंग या अमेरिकन बाईंची पद्धत तर ते सरळ वापरायचे. बाई नाटकवाल्या. नव्वदच्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की आठवण सांगा म्हटलं की ही माणसं मिटतात, पण एखादं विचित्र चित्र दाखवून गोष्ट रचा म्हटलं की बोलायला लागतात. गोष्टीत चुकायची सोयच नाही. जे म्हणाल ते फळ्यावर जातं.

आमच्याकडे सरांनी एक फोटो लावला, एसटीच्या टपावर उभी असलेली शेळी. कुठे निघाली असेल ही? बराच वेळ शांतता. मग, महिन्याभरात तोंड न उघडलेले एक आजोबा म्हणाले, “माहेरी.” हॉल हसला. त्यांची बायको हसता हसता रडायला लागली, तिनं तो आवाज किती दिवसांनी ऐकला होता कोण जाणे. “कुणाकडे?” “भावाकडे. दिवाळी आहे.” “बरोबर काय नेतेय?” “लेंड्या,” भेंडीवाल्या आजी. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात: “तिकीट अर्धं की पूर्ण?”

आईंचा हा आवाज मी दीड वर्षानं ऐकला. पण गंमत अशी की ही आई मला माहीत नव्हती. माझ्या आई विनोद करणाऱ्या नव्हत्या. घरात हसण्याची वेळ ठरलेली असायची आणि ती बहुधा संपलेली असायची.

त्यानंतर त्यांनी निळा रंग धरला. का निळा, ते मला आजही सांगता येणार नाही. निळी साडी त्यांनी कधी नेसलेली मी पाहिली नाही. मोतिया, बदामी, फार तर डाळिंबी काठ. जाड ब्रश बुडवायचा आणि कागदावर डावीकडून उजवीकडे एक पट्टा, त्याखाली दुसरा, मध्ये बोटभर जागा. कागद भरला की थांबायच्या, आणि मग त्या मोकळ्या जागांमध्ये ठिपके. मला पहिल्यांदा ती रेघी वही वाटली. मग पाऊस वाटला. मी तोंडापर्यंत आलेलं “हे काय काढलंय” गिळलं आणि ब्रश घेऊन माझ्या कागदावर तसेच पट्टे मारू लागले. दुसरं सुचलंच नाही. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की मी अर्धा तास काहीच विचारलं नाही, काही पुसलं नाही, कुणाला उठवलं-बसवलं नाही. आमच्या दोघींच्या कोपरांमध्ये वीतभर अंतर होतं. एकोणतीस वर्षांत आम्ही शेजारी शेजारी बसून एकच काम केलं असेल तर ते पापड लाटायचं, आणि त्यातही माझे जाड व्हायचे.

इथे मला त्या मावशींबद्दल सांगायचं आहे. एक आजोबा ब्युरोतून लावलेल्या मावशींबरोबर यायचे. आजोबांचा मुलगा परदेशात, मावशी बारा तासांच्या ड्युटीवर. पहिले दोन गुरुवार त्या दाराशी खुर्चीवर बसून राहिल्या आणि आम्ही सगळ्यांनी ते बसणं गृहीत धरलं. जोडीनं चित्र काढायचं म्हणजे घरच्यांनी, असं आम्हीच ठरवून टाकलेलं. तिसऱ्या वेळी सरांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला तर म्हणाल्या, “मला लिव्हता येत नाही.” सर म्हणाले, “लिहायचं नाहीच आहे.” मावशींनी विहीर काढली. वरून बघितलेली, गोल, आत पायऱ्या उतरत गेलेल्या आणि तळाशी नखाएवढा पाण्याचा ठिपका. दुष्काळी भागातून आलेल्या बाईनं काढलेली विहीर. आम्ही बाकीचे फुलं आणि डोंगरामागचा सूर्य काढत होतो. त्यानंतर आजोबांना भरवताना त्यांचा हात मला जरा सावकाश झाल्यासारखा दिसला, पण तो माझ्या डोळ्यांचा खेळही असेल.

नावाची गोष्ट पाचव्या-सहाव्या महिन्यात घडली. चित्र झालं की सर म्हणायचे, सही करा. आई आजवर करत नव्हत्या, मी त्यांच्या वतीनं कोपऱ्यात लिहून टाकायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली, कागद आपल्याकडे ओढला आणि निळ्या पट्ट्यांच्या खाली, शाळकरी वळणदार अक्षरात, शिरोरेघ नीट ओढून एक नाव लिहिलं. पुढे वडिलांचं नाव, पुढे आडनाव. यातलं काहीच आमच्या घराच्या पाटीवर नव्हतं.

ते माहेरचं नाव मी लग्नानंतर एकदा कधीतरी ऐकलं होतं, त्यांच्या भावाच्या तोंडून. भाऊ गेले आणि ते नाव उच्चारणारं कुणी उरलं नाही. मी ते इथे लिहीत नाही; माझं नाही ते. घरी आल्यावर नवऱ्यानं चित्र बघितलं. “मामा अशी हाक मारायचा,” एवढंच म्हणाला आणि बराच वेळ कागद हातात धरून उभा राहिला. मला तांदळाचं ताट आठवत होतं. आम्ही नाही का बदललं?

१९०१च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या इस्पितळात अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांपुढे एक ५१ वर्षांची बाई बसली होती, ऑगुस्टे डेटर. पुढे तिच्यावरूनच या आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. डॉक्टरांनी तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तिनं जर्मनमध्ये ‘श्रीमती’ एवढं लिहिलं आणि पुढचं विसरली. तिच्या केसपेपरांची फाइल तब्बल नव्वदेक वर्षांनी, १९९५च्या सुमारास, सापडली. त्यात तिचे ते अडखळलेले कागद आहेत. मी हे वाचलं तेव्हा मला सारखं वाटत राहिलं, की बाईंकडे श्रीमती मागितलंच नसतं तर? तिला लहानपणी आई काय हाक मारायची ते लिही म्हटलं असतं तर? अर्थात हा माझा भाबडेपणा. आजार आजाराच्या गतीनं गेला असता.

सही केल्यानंतरच्या गुरुवारी मी नेहमीसारखं म्हटलं, “अहो आई, हात पुसून घ्या.” आमच्याकडे सासूला अहो आणि आईला अगं, हे लग्नाबरोबर येतंच, ‘अहो आई’ म्हटलं की ऐकणाऱ्याला नातं कळतं. आईंनी माझ्याकडे वळून, अगदी वैतागून विचारलं, “अहो अहो काय लावलंयस गं सारखं? मी काय हेडबाई आहे?”

मी गप्प. ओळखलं कुणाला होतं, शाळेतल्या मैत्रिणीला, बहिणीला, विचारायचं नाही हा सरांचा नियम. मी धीर करून म्हटलं, “अगं, हात पूस.” जीभ जड झाली. एकोणतीस वर्षांचं वळण ते, एका अक्षराला अडखळलं. त्यांनी मुकाट्यानं हात पुढे केला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “त्या मास्तरांना सांगू नकोस, पण मला गणित आवडत नाही.”

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, तोंडावर निळी बोटं धरून. ३४ वर्षं! खरं होतं का ते? की त्या क्षणापुरतं सुचलेलं, शेळीच्या माहेरासारखं? मी शोधायला गेले नाही.

तेव्हापासून आमचा करार झाला आहे, त्यांना न सांगता. गुरुवारी दीड तास अगं. जिना उतरून रिक्षात बसलो की पुन्हा अहो. घरी तशी हाक मारायची माझी हिंमत होत नाही, आणि खरं तर इच्छाही नाही. एकोणतीस वर्षांचा हिशेब अजून माझ्या वहीत आहे. निळ्या पट्ट्यांनी तो मिटला असं मी लिहिलं तर ते ललित होईल, खरं होणार नाही. रात्री दोनला त्या दार वाजवून “मला घरी सोडा” म्हणतात तेव्हा माझ्या तोंडून काय काय जातं ते मी कुठल्याच वर्गात सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात, २१ तारखेच्या जागतिक अल्झायमर दिनाला, सगळ्यांची चित्रं भिंतीवर लावावीत अशी टूम निघाली. कुणीतरी सुचवलं की पहिल्या महिन्याचं आणि आत्ताचं, असं शेजारी शेजारी लावू. सर एकदम कडक झाले. विल्यम उटरमोलेन नावाचा लंडनमध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार होता. १९९५ साली त्याला अल्झायमरचं निदान झालं आणि पुढची पाचेक वर्षं तो स्वतःचा चेहरा रंगवत राहिला. तोंड, डोळे, कडा हळूहळू सुटत गेलेले. ती चित्रं आता जगभर ओळीनं छापतात, एक्स-रे लावावेत तशी: बघा, इथून इथे आला. सर म्हणाले, “चित्रकार शेवटपर्यंत चित्रं काढत होता, आणि आपण त्यात घड्याळ शोधतो.” त्यांना माझ्या आईंच्या घड्याळाबद्दल काही ठाऊक नव्हतं. मी मान खाली घातली.

आमची चित्रं लागली नाहीत. आईंची कपाटावर आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. आता पट्टे पूर्वीसारखे सरळ येत नाहीत. मध्येच ब्रश थांबतो आणि निळ्याचं तळं होतं. सही आली तर आली. गेल्या महिन्यात दोन गुरुवार त्या नुसत्याच ब्रश धरून बसल्या, एकदा रागावून कुंडी पालथी केली, आणि माझा चांगला पंजाबी ड्रेस निळा झाला. तो मी तसाच वापरते, गुरुवारी.

परवा मात्र सरांनी तीन रंगांत लाल ठेवला होता. आईंनी आपल्या कागदाला हात लावला नाही. बाजूला माझं चित्र वाळत होतं, मी फार मन लावून काढलेलं, आमच्या गॅलरीतल्या तुळशीचं. त्यांनी ते ओढून घेतलं, चष्मा सारखा केला, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ब्रशचं टोक लालमध्ये बुडवून कुंडीच्या कडेला निथळलं, आणि उजव्या कोपऱ्यात लिहिलं: ४. खाली रेघ मारली. रेघेखाली १०.

“अगं, चारच?” मी म्हटलं.

“पानं मोजली आहेस का?” आई म्हणाल्या. “पुढच्या वेळी मोजून काढ.”